सत्तावीस नंबरची पेटी

माझ्या बुडाशी एक तारीख छापलेली आहे. ती उलटून दोन वर्षे झाली. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन वर्षे म्हणजे पुष्कळ, तेव्हा मित्रांनो, मला जुना म्हणायला तुमची हरकत नसावी. आकाराने मी तुमच्या कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा आहे. रंगाने पांढरा होतो, आता पिवळट आहे. माझ्या पोटात एक नळी असायची. त्या नळीत माणसाने थुंकायचे, झाकण घट्ट लावायचे आणि टपालाने दूरच्या प्रयोगशाळेत पाठवून द्यायचे. तिथले लोक लाळेतला डीएनए वाचतात आणि जगात तुमच्या रक्ताची आणखी कोण कोण माणसे आहेत ते कळवतात. अट एकच, त्या माणसांनीही कधीतरी अशाच नळीत थुंकलेले असले पाहिजे.

माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने एक आकडा लिहिलेला आहे. मला त्या आकड्याविषयीच सांगायचे आहे, पण आधीचे थोडे ऐका.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. दुसऱ्यांचे मूळ शोधायला निघालेल्याला स्वतःचेच मूळ माहीत नसावे, याचे कोणाला हसू आले तर त्याने खुशाल हसावे. एका यंत्राने मला कापले, दुसऱ्याने घड्या घातल्या आणि एका बाईने नळी आत ठेवली. तिच्या हातात मोजे होते, त्यामुळे तिचा हात गरम होता की गार ते कळले नाही. मग जहाज, मग ट्रक, आणि शेवटी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर ह्युऑन नदीच्या काठच्या एका गावात, सभागृहामागच्या खोलीतली एक फळी.

त्या खोलीत दर बुधवारी कुळशोध मंडळ भरायचे. मंडळ म्हणजे मुख्यतः दोन बायका. ग्लेनिस शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, शिस्तीची, प्रत्येक कागदाला टाचणी लावणारी. नोरीन पूर्वी टपाल कचेरीत होती. गावात कोणाला कुठून पत्रे येत ते तिला पाठ होते आणि तिच्या तोंडाला कुलूप नव्हते. लोक जन्माचे दाखले, जहाजांच्या याद्या, थडग्यांचे फोटो घेऊन येत. एके काळी या बेटावर ज्याचा पणजोबा विलायतेहून कैदी म्हणून, बेड्या घालून आला होता तो माणूस ही गोष्ट लपवून ठेवी. आता ज्याचा तसा पणजोबा सापडत नाही तो हिरमुसून घरी जातो.

फळीवर आम्ही तिघे शेजारी शेजारी होतो. निळा खोका बापाकडून मुलाकडे जाणारी रेषा तेवढी वाचायचा. हिरव्यात लाळेची गरज नव्हती, कापसाची काडी गालाच्या आतून फिरवली की काम झाले. मी पांढरा. मी आईकडचे, बापाकडचे सगळे वाचणाऱ्यांचा, पण मला थुंकीच लागायची, नळीवरच्या रेघेपर्यंत. तसा हिरवाही दोन्हीकडचे वाचायचा, पण त्याच्या कंपनीकडे नमुने दिलेली माणसे थोडी होती आणि माझ्याकडे सगळ्यांत जास्त. याचा मला तेव्हा फार गर्व होता.

ग्लेनिस कोणाच्या हातात सहजासहजी खोका द्यायची नाही. आधी प्रश्न विचारायची. कोणाला शोधता आहात? घरात सगळ्यांत म्हातारे कोण आहे? आणि नको ते बाहेर आले तर झेपेल का? म्हाताऱ्या माणसाचा नमुना आधी घ्यावा, असे ती प्रत्येकाला बजावायची, कारण मुलामध्ये त्याचे निम्मेच उतरते आणि नातवात त्याच्याही निम्मे. तिचे ऐकून गावातल्या कितीतरी आज्या माझ्या भाऊबंदांमध्ये थुंकल्या. ग्लेनिसच्या स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार होता.

तिचे वडील क्लेम तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे. लहानपणी त्यांना होबार्ट बंदराच्या धक्क्यावरून अनाथ मुलांच्या घरी नेऊन सोडले होते. तिथल्या वहीत त्यांच्यापुढे तीन गोष्टी लिहिल्या होत्या. नाव क्लेमेंट. वय अंदाजे चार. नातेवाईक नाहीत. क्लेमना स्वतःला त्या दिवसातले एवढेच आठवायचे, की धक्क्यावर एका मुलीने त्यांचा हात धरला होता. ती बहीण होती, की बोटीवरच्या कोणाची तरी मुलगी होती आणि "याला जरा धर" एवढेच तिला कोणी सांगितले होते, हे त्यांना कधी कळले नाही. त्यांना दुसरे काही नको होते. ती आपली कोण होती, तेवढे हवे होते.

आणि ग्लेनिस दोन वर्षे खोका निवडत होती. तिने रकाने आखून तक्ता केला होता. कोणती कंपनी काय वाचते, कोणाकडे माणसे किती, नमुना नंतर फेकतात की ठेवतात, नाव लपवता येते की नाही. तक्ता वाढत होता आणि आम्ही तिघे फळीवर धूळ खात होतो.

"अगं, नवरा निवडायला तुला दोन आठवडे पुरले," नोरीन एका बुधवारी म्हणाली, "आणि खोक्याला दोन वर्षं?"

"म्हणून तर सांगते. नवरा टिकला का?"

"तो नाही टिकला, पण तुझा बाप तरी टिकेल ना तोवर?"

ग्लेनिसने तक्त्यात आणखी एक रकाना आखला. तेवढ्यात क्लेम स्वतःच आत आले. बुधवारी दुपारी ते दोघींसाठी बेकरीतून स्कॅलप पाय, म्हणजे शिंपल्यातल्या मांसाचे सारण घातलेल्या भाजक्या करंज्या, आणायचे आणि पिशवीत चार सफरचंदे. ठेंगणा, वाकलेला माणूस, कानामागे सुताराची पेन्सिल. पिशवी टेबलावर ठेवून ते फळीसमोर उभे राहिले.

"यातला माझा कुठला?"

ग्लेनिसने सुस्कारा सोडला. "डॅड, निळ्यातनं वडिलांची रेषा कळेल. खरं आडनावसुद्धा कळेल कदाचित."

"आडनाव आहे मला. ऐंशी वर्षं चाललंय त्याच्यावर. ती मुलगी कळेल का?"

"नाही. बायकांमध्ये ती रेषा नसतेच."

"मग ठेव तो खाली."

निळा खाली गेला. राहिलो हिरवा आणि मी.

"हिरवा घे," नोरीन म्हणाली. "हृदयाच्या गोळ्यांनी क्लेमच्या तोंडाला कोरड पडते. बोलताना जीभ टाळूला चिकटते त्याची. थुंकी कुठून आणणार तो?"

"हिरव्यांकडे माणसं किती आहेत, ते बघ की. डबक्यात मासेच नाहीत तिथं गळ टाकून बसायचं का? ती मुलगी, नाहीतर तिची मुलंबाळं असतील तर पांढऱ्यांकडेच असतील."

"असतील. पण आधी याची नळी भरू दे."

"भरेल हळूहळू. डॅड, नको ते काही बाहेर आलं तर झेपेल ना तुला?"

"ऐंशी वर्षं काही कळलं नाही, ते झेपलं," क्लेम म्हणाले. "कळलेलं झेपेल."

त्यांनी मला उचलले. त्यांचे तळवे खरखरीत आणि गरम होते. झाकण उघडून त्यांनी नळीकडे पाहिले, कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या झाकणाच्या आत ठळक लिहिले, २७.

"आता हे काय?" नोरीनने विचारले.

"पेटी भरायची तर नंबर नको?"

हे तुम्हाला सांगितले पाहिजे. त्या खोऱ्यात सफरचंदाच्या बागा आहेत. पूर्वी फळे लाकडी पेट्यांत भरून जहाजाने विलायतेला जात. शेडमध्ये प्रत्येक भरणाऱ्याला एक नंबर असे आणि आपण भरलेल्या पेटीवर तो घालावा लागे. बंदरावरच्या तपासनिसाला आत सडके किंवा दबलेले फळ सापडले, की ती पेटी शेडमध्ये परत यायची. मग सगळ्यांसमोर नंबर पुकारला जायचा आणि त्या माणसाने पुढे होऊन ती उचलायची. क्लेमनी तिथे चाळीस वर्षे पेट्या भरल्या, आणि त्यांचा सत्तावीस नंबर एकदाही पुकारला गेला नव्हता. ग्लेनिसने शाळेच्या सुट्टीत दोन हंगाम तिथे काम केले होते. तिचा नंबर एक्केचाळीस, आणि तिच्या तीन पेट्या परत आल्या होत्या. ती तिसरी पेटी क्लेमनी स्वतः उचलून आत नेली होती, असे नोरीन अजून सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लेमच्या बागेतल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतो. थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचे नाही, प्यायचे नाही. चहाशिवाय अर्धा तास काढणे हेच क्लेमना जड गेले. ते घड्याळाकडे आणि किटलीकडे आळीपाळीने बघत राहिले.

"जन्मभर या बागेत थुंकलो," ते म्हणाले, "कोणी पत्र पाठवून आभार मानले नाहीत. आता थुंकायला पेटी आली, तर तोंडात थेंब नाही."

"गाल चोळ, डॅड. आणि फेस धरत नाहीत हं, फेसाच्या खालची लाळ रेघेला लागली पाहिजे."

"तपासनीस परवडला."

ते थुंकत होते, थांबत होते, नळी उजेडाकडे धरून बघत होते. पाव भागापर्यंत आली आणि पुढे जाईना. मध्येच ते बोलू लागले. एरवी हा माणूस त्या दिवसाविषयी कधी बोलत नसे.

"तिनं हात सोडला नव्हता, ग्लेन."

"कोणी?"

"त्या मुलीनं. कोणीतरी मला मागनं ओढलं. माझा हात ओला होता, फळाच्या रसानं बुळबुळीत झाला होता. तो निसटला. तिनं नाही सोडला. माझाच निसटला."

ग्लेनिस काही म्हणणार तोच बाहेरच्या खोलीत फोन वाजला आणि ती उठून गेली.

मित्रांनो, पुढचे मी डोळ्यांदेखत पाहिले, पण खोक्याला वाचा नसते. टेबलावर परातीत आंबट स्टर्मर सफरचंदे होती. क्लेमनी एक उचलले आणि सगळीकडून दातांनी चावत त्याची साल काढली. ती त्यांची जुनी खोड होती. सफरचंद ते कधी सुरीने सोलत नसत. साल चावून काढायची आणि उघडा गर समोरच्याला द्यायचा, मग समोर मूल असो की तपासनीस. आंबट साल दाताखाली येताच तोंडाला पाणी सुटले आणि नळी पाहता पाहता रेघेपर्यंत भरली. साल त्यांनी थुंकून टाकली होती. म्हणजे त्यांच्या हिशेबी त्यांनी काही खाल्ले नव्हते.

"भरली," ग्लेनिस परत आल्यावर ते म्हणाले आणि सोललेले सफरचंद तिच्यापुढे धरले. "घे."

तिने नळी पाहिली. तिचा चेहरा खुलला. तिने ते सफरचंद घेतले आणि झाकण लावता लावता, विचार न करता, खाऊन टाकले. लहानपणापासून ती तसेच खात आली होती.

नळी टपालाने गेली. मी रिकामा राहिलो. सहा आठवड्यांनी पत्र आले. नमुन्यात बाहेरचे काही मिसळले आहे, तो वाचता येत नाही, सोबत नवी नळी पाठवत आहोत, पुन्हा प्रयत्न करावा.

"परत आली?" क्लेमनी विचारले.

"नळी परत नाही आली, डॅड, त्यांनी फक्त..."

"परतच आली की. सत्तावीस नंबरची." त्यांनी नवी नळी माझ्यात ठेवली आणि झाकण लावले. "सालीमुळं झालं ते. मी साल काढली होती."

"अरे, होतं असं. पुन्हा भरू आपण."

"हं," ते म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला टेबलावरून उचलून खिडकीत ठेवले गेले. ग्लेनिस आठवड्यातून एकदा आठवण करून द्यायची आणि ते "उद्या" म्हणायचे. माणसाला एवढीशी गोष्ट लागावी, असे तुम्हाला वाटेल. पण चाळीस वर्षे ज्याचा नंबर पुकारला गेला नाही, त्याला कसे लागते ते तोच जाणे.

मग थंडी पडली आणि क्लेमच्या छातीत कफ झाला. त्यांना होबार्टला दवाखान्यात नेले. नोरीन फळीवरचा हिरवा खोका पिशवीत घालून तिथवर गेली होती. दारात तिने ग्लेनिसला विचारले, "काडी आहे, दोन मिनिटांचं काम. फिरवू का गालातनं?" ग्लेनिस म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय त्याचा. उद्या." हे मला नंतर कळले, नोरीन स्वयंपाकघरात बसून ते पुन्हा पुन्हा सांगत होती तेव्हा. तो उद्या उजाडला, पण क्लेमसाठी नाही.

ग्लेनिस रडली नाही. अंत्यविधीनंतर तिने सभागृहात चहाची व्यवस्था केली, सँडविचच्या कडा कापल्या, आलेल्यांची नावे वहीत लिहून घेतली. वडिलांचे घर आवरून तिथे राहायला आली. खिडकीतून मला उचलले आणि तिसऱ्या खणात ठेवले. त्या खणात जुन्या बॅटऱ्या, सुतळी, कुठल्या कुलपाच्या ते न कळणाऱ्या किल्ल्या होत्या.

"तू दे आता," नोरीन म्हणाली. "निम्मा क्लेम तुझ्यात आहेच. नळी तयार आहे."

"कोणासाठी? ज्याला विचारायचं होतं तोच गेला."

"आणि ती असली तर?"

"तू चहा घेणार आहेस का?"

मित्रांनो, खणातल्या दिवसांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. खण उघडायचा, बॅटरी घेतली जायची, खण मिटायचा. आधी मला वाटायचे, आज माझ्यासाठी उघडला. पुढे वाटेनासे झाले. वाईटही वाटत नव्हते. नळीतल्या औषधाची मुदत संपत आली, संपली, तेव्हा मला वाटले होते की काहीतरी होईल. काही झाले नाही. बाहेर ग्लेनिसचे तेच चालले होते. ती उठायची, टोस्ट करायची, अर्धा खायची. झाडांची छाटणी माणसे लावून करून घ्यायची आणि त्यांना वेळेवर चहा द्यायची. बुधवारी सभागृहात जायची, तेच तीन प्रश्न त्याच आवाजात विचारायची. तिच्या सल्ल्यात चूक काढायला जागा नव्हती. पण बोलताना तिचे लक्ष कुठेच नसायचे, आणि स्वतःच्या घरी आल्यावर ती दिवा लावायला विसरून तशीच बसून राहायची.

मुदत संपल्यावर मी नमुना म्हणून दाखवायला बरा, असे तिच्या मनात आले. मग ती मला बुधवारी पिशवीतून नेऊ लागली. "असा असतो खोका," ती लोकांना सांगायची. मी उघडला जायचो, मिटला जायचो. माझ्यावर इतकी बोटे फिरली, पण झाकणाच्या आतला आकडा कोणी वाचला नाही.

तो हेस्टरबाईंनी वाचला. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, सुनेचा हात धरून आलेली. बोलताना त्यांचे ओठ कोरडे पडत होते आणि त्या पुन्हा पुन्हा पाणी मागत होत्या. ग्लेनिसने तिन्ही प्रश्न विचारले आणि सुनेला म्हणाली, "यांच्यासाठी काडीचा घ्या. तोंड कोरडं आहे, नळी भरणार नाही. माणसं कमी असली तरी चालतील, आधी नमुना वाचला गेला पाहिजे."

टेबलाच्या पलीकडे नोरीन कागद लावत होती. तिचे हात थांबले. ग्लेनिसलाही आपण काय बोललो ते मागाहून ऐकू आले असावे, कारण तिने वळून नोरीनकडे पाहिले.

हेस्टरबाई तोवर माझे झाकण डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. "सत्तावीस," त्या म्हणाल्या. "हा तर क्लेमचा नंबर. त्याच्या शेजारच्या टेबलावर होते मी, अकरा हंगाम. त्याची पेटी कधी परत आली नाही बघ."

"ही आली," ग्लेनिस म्हणाली.

आणि मग, उभ्या उभ्याच, तिने सगळे सांगितले. धक्का, ती मुलगी, पांढरा की हिरवा, साल, पत्र. यादी वाचून दाखवावी तसे सांगितले.

"मग तू तुझी थुंकी का नाही दिलीस?" हेस्टरबाईंनी विचारले.

"माझ्यात त्याचं निम्मंच आहे."

"पोरी, पेटीत चार फळं कमी भरली म्हणून कोणी जहाज सोडून देतं का?"

सुनेला हसू आले, नोरीनला आले नाही. ग्लेनिसने फळीकडे जाऊन माझ्याच जातीचा एक नवा खोका काढला, खुर्ची ओढली आणि घड्याळ पाहिले. तिने सकाळपासून काही खाल्ले नव्हते. दहा मिनिटांत तिची नळी भरली. इतकेच काम होते, मित्रांनो. चार वर्षे आणि दहा मिनिटे.

पाच आठवड्यांनी ग्लेनिसच्या संगणकावर उत्तर आले. नोरीन शेजारी बसली होती. सगळ्यांत वर एकच नाव होते, ऊना, आणि पुढे लिहिले होते, अगदी जवळचे नाते, बहुधा आत्या. नमुना दिल्याची तारीख सात वर्षांपूर्वीची होती. म्हणजे आम्ही तिघे फळीवर बसलो होतो आणि ग्लेनिस तक्त्याचे रकाने आखत होती, तेव्हा ऊनाची नळी तिथे पोचलेली होती. पांढऱ्यांकडेच. ग्लेनिसने निवड बरोबर केली होती.

तिने त्याच दिवशी लिहिले. चौथ्या दिवशी उत्तर आले, ऊनाच्या मुलाचे, ॲलिस्टरचे, न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडून. ग्लेनिसने ते छापून घेतले आणि स्वयंपाकघरात मोठ्याने वाचू लागली. ऊना गेल्या हिवाळ्यात गेली होती, एक्क्याण्णव वर्षांची होऊन. आठ महिने झाले होते.

"आजी वारल्यावर आईला आणि तिच्या धाकट्या भावाला होबार्टला आणलं," ॲलिस्टरने लिहिले होते. "त्यांच्या मावशीला घरकामाला मुलगी हवी होती, लहान मुलगा नको होता. म्हणून आईला तिच्याकडे न्यूझीलंडला पाठवलं आणि त्याला तिथंच ठेवलं. आई तेव्हा आठ वर्षांची होती. ती सांगायची, त्याच्या हिरड्या सुजल्या होत्या, त्याला साल चावायची नाही, म्हणून ती दातानं साल काढून त्याला गर द्यायची. धक्क्यावर शेवटचं सफरचंद तिनं तसंच दिलं होतं. नमुना पाठवल्यापासून दर रविवारी ती मला विचारायची, कोणी आलं का? मी सांगायचो, नाही आलं. तिला त्याला एकच विचारायचं होतं..."

ग्लेनिस इथे थांबली. तिने कागद नोरीनकडे सरकवला. नोरीनने चष्मा लावला आणि पुढचे वाचले.

"तिला विचारायचं होतं, तो माझ्यावर रागावलाय का? मी त्याचा हात सोडला."

मग ग्लेनिस म्हणाली, "हे मला ठाऊक होतं, नोरीन. याचं उत्तर मला चार वर्षं ठाऊक होतं. ते माझ्या तोंडात होतं आणि मी गप्प बसले होते."

नोरीनने कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

ग्लेनिसने उत्तर लिहिले. क्लेम जे बोलले होते तेच, त्यांच्याच शब्दांत लिहिले. तिनं नाही सोडला. माझाच निसटला. आठवड्याने ॲलिस्टरचे दोन ओळींचे पत्र आले. त्याने ते आईच्या थडग्यापाशी उभे राहून वाचून दाखवले होते. तिथे वारा फार असतो, असे त्याने लिहिले होते, आणि बाकी काही लिहिले नव्हते.

आता मी काय सांगणार? निवड नीट करा, हे खरेच आहे. कोणाला शोधायचे आहे ते आधी ठरवा, मग खोका घ्या. कोरड्या तोंडाच्या आजोबांना काडी द्या, नळी देऊ नका. पण मित्रांनो, सगळ्यांत चांगला खोका शोधत बसू नका. तुमच्या घरात जे सगळ्यांत म्हातारे माणूस आहे त्याच्याकडे आजच जा. नमुना नंतर घ्या. आधी त्याला विचारा, की तुम्हाला कोण आठवते. आणि ते जे सांगेल ते पोटात ठेवू नका. ते ऐकायला कोणीतरी कुठेतरी थांबलेले असू शकते, आणि माणसे माझ्यासारखी खणात पडून राहत नाहीत.

ॲलिस्टरचे दुसरे पत्र आले त्या संध्याकाळी ग्लेनिसने मला टेबलावर घेतले. मुदत संपलेली नळी काढून टाकली. परातीतले एक स्टर्मर उचलून दातांनी साल काढू लागली आणि अर्ध्यात थांबली. मग तिने रबर आणला आणि माझ्या झाकणातला आकडा पुसायला घेतला. सुताराच्या पेन्सिलीचा दाब खोल होता, त्यामुळे पुष्कळ वेळ लागला. मला दुखले नाही. दोनाचा वळसा गेला, साताची शेपटी गेली, आणि रबराचा चुरा तिने हाताने झटकून टाकला. वडिलांची पेन्सिल तिने खणात जपून ठेवली होती, ती काढली. त्याच जागी, तितक्याच ठळक अक्षरांत तिने आपला नंबर लिहिला, ४१.

"ही परत आलेली पेटी माझी आहे, डॅड," ती म्हणाली. "तुझी एकही नाही आली."